पुस्तकातली वीज, तारेतली वीज

दिवाळी अंकात कादंबऱ्यांची परीक्षणे येतात, काव्यसंग्रहांची येतात, एखाद्या गाजलेल्या नाटकावर वादही रंगतो. शाळेच्या पाठ्यपुस्तकाचे परीक्षण मात्र सहसा कोणी लिहीत नाही. याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. ज्या घरात कादंबरी कधी विकत घेतली जात नाही, त्या घरातही पाठ्यपुस्तक असते. ते मोठ्याने वाचले जाते, त्यातली वाक्ये पाठ केली जातात, आणि पुढे माणूस जगाकडे पाहतो तो पुष्कळदा त्या वाक्यांच्या आधारानेच. एवढा परिणाम करणाऱ्या लेखनाकडे टीकाकाराने पाठ फिरवावी, हे काही बरे नव्हे.

म्हणून यंदा मी ‘बालभारती’ची सामान्य विज्ञानाची तीन पुस्तके घेऊन बसलो: सहावीचे 2016 साली निघालेले, सातवीचे 2017 चे आणि आठवीचे 2018 चे. त्यांतही वीज आणि चुंबक हा एकच विषय निवडला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आता नवी पुस्तके निघू लागली आहेत. नवे लिहिणाऱ्याच्या हाती जुन्याचा हिशेब असावा, एवढाच या लेखाचा हेतू. आणि हे वाचन मी केले ते अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीत, हेही सांगितले पाहिजे. कारण पुस्तक सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच असले, तरी ते वाचणारा मुलगा कुठल्यातरी एका गावचा असतो.

प्रथम चांगले ते सांगतो. ही पुस्तके देखणी आहेत, चित्रे रंगीत आहेत, वाक्ये आटोपशीर आहेत. ‘करून पहा’, ‘सांगा पाहू’, ‘जरा डोके चालवा’ असली शीर्षके पाठातून जागोजागी डोकावतात. मुलाने नुसते ऐकू नये, हातही हलवावा, अशी इच्छा लेखकमंडळाची दिसते. पूर्वीच्या पिढ्यांतल्या व्याख्या आणि प्रश्नोत्तरे यांच्या पुस्तकांशी तुलना केली, तर हा बदल लहान नाही. तेव्हा माझी तक्रार पुस्तकाच्या हेतूविषयी नाही; ती त्याच्या क्रमाविषयी, शब्दांविषयी आणि काही अंशी त्याच्या पत्त्याविषयी आहे.

क्रम असा आहे. सहावीत ‘चुंबकाची गंमत’ हा पंधरावा पाठ. सातवीत ‘स्थितिक विद्युत’ हा आठवा, आणि अखेरीस ‘चुंबकीय क्षेत्राचे गुणधर्म’. आठवीत ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ हा चौथा. शास्त्राच्या इतिहासात हे सारे जवळजवळ याच क्रमाने घडले. चुंबकाचा दगड आणि घासलेला अंबर ग्रीकांना ठाऊक होते. 1600 साली गिल्बर्टने चुंबकावर ग्रंथ लिहिला. 1800 साली व्होल्टाने वाहती वीज देणारा घट केला. 1820 साली ओरस्टेडला तारेतून वीज जाताना शेजारची चुंबकसूची हललेली दिसली. हा क्रम विद्वानाला सोयीचा आहे. पण बार्शीटाकळीतला मुलगा ग्रीसमध्ये जन्मलेला नसतो. तो डोळे उघडतो तोच दिव्याखाली. भिंतीवरचे बटण दाबले की पंखा फिरतो, हे त्याला पहिलीच्या आधीपासून माहीत असते; आणि त्या पंख्याच्या तारेत काय चालले आहे, हे पुस्तक त्याला नीट सांगते ते तो तेरा वर्षांचा झाल्यावर. तोवर त्याची जिज्ञासा शिळी झालेली असते.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या 2006 सालच्या सहावीच्या पुस्तकात विजेच्या परिपथाचा पाठ बारावा आणि चुंबकाचा तेरावा, असे शेजारीशेजारी होते. अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती त्यात सेल, तार आणि बॅटरीचा दिवा एकदम येत असे. आपल्याकडे मात्र चुंबक आणि वाहती वीज यांच्यामध्ये दोन इयत्ता उभ्या आहेत. त्यामुळे मुलाची समजूत अशी होते, की ही दोन वेगळी दुकाने आहेत. एकाशी दुसऱ्याचा संबंध नाही. आणि विजेच्या शास्त्रातली सर्वांत मोठी गोष्ट तर हीच, की ते दुकान एकच आहे.

शेजारच्या सातवीतल्या एका मुलाने मला परवा विचारले, “काका, ह्या ताराले भोक तं नाई, मंग लाइन जाते कुठून?”

मी तिन्ही पुस्तके पुन्हा चाळली ती या प्रश्नासाठी. आमच्या वऱ्हाडात विजेला ‘लाइन’ म्हणतात. लाइन येते, लाइन जाते, लाइन कमी असते. ज्या अर्थी ती येते-जाते, त्या अर्थी ती वाहणारी वस्तू आहे. आणि वाहणाऱ्या वस्तूला पाइपासारखे भोक हवे. मुलाचे हे तर्कशास्त्र निर्दोष आहे. त्याला उत्तरही देता येते. शेतातला पाइप आधीच पाण्याने भरलेला असला, तर इकडे मोटार सुरू करताच तिकडच्या तोंडातून पाणी पडते. विहिरीतले पाणी तिथवर पोचण्याची वाट पाहावी लागत नाही. तांब्याची तार अशीच आधीपासून भरलेली असते. तांब्याच्या प्रत्येक अणूतला एखादा इलेक्ट्रॉन मोकळा असतो आणि हे मोकळे कण धातूभर हिंडत असतात. बटण दाबले, की ते सगळे एकाच दिशेने सरकू लागतात. स्वतः ते मुंगीहूनही मंद चालतात. पण सरकण्याचा इशारा मात्र तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्षणार्धात पोचतो. पुढे मुलाने विचारावे, की पाइप कापला तर पाणी सांडते, मग तार कापली तर वीज का सांडत नाही? तिथे पाइपाचा दाखला संपतो, आणि तो संपतो हेही त्याला सांगावे. हवेतून बाहेर पडायला त्या कणांना वाट नसते. फेरा पुरा झाला तरच ते चालतात. परिपथ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

असा प्रश्न पुस्तकात नाही, याचे मला वाईट वाटते. पुस्तकातले प्रश्न पुस्तकानेच तयार केलेले असतात, आणि त्यांची उत्तरे मागल्या पानावर असतात. मुलाचा प्रश्न मागल्या पानावर नसतो.

शब्दांचेही असेच आहे. परिभाषा नको, असे मी म्हणणार नाही; मराठीतून शास्त्र शिकवायचे तर मराठी संज्ञा लागणारच, आणि ‘सुवाहक’, ‘परिपथ’, ‘विद्युतघट’ हे शब्द चांगलेच आहेत. घट म्हणजे घडा. ज्यात वीज भरून ठेवली आहे असे भांडे. घटस्थापना माहीत असलेल्या मुलाला तो शब्द परका वाटू नये. पण ‘विद्युतस्थितिक विभव’ हे आठवीच्या मुलाच्या तोंडात कसे मावावे? विभव म्हणजे वैभव, असे त्याला वाटले तर त्याचा काय दोष? पाण्याच्या पातळीचा दाखला अशा ठिकाणी देण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. बार्शीटाकळी तालुक्यात महानला काटेपूर्णेचे धरण आहे. तिथले पाणी अकोल्याला जाते ते पातळीतल्या फरकाच्या जोरावर. ‘विजेची पातळी’ असे आधी म्हणावे, मुलाला ती कळू द्यावी, मग विभव हे तिचे शास्त्रातले नाव सांगावे. नाव आधी आणि ओळख मागून, हा क्रम माणसांच्या बाबतीतही टिकत नाही.

आणि मुलाकडे स्वतःचे शब्द नसतात असे थोडेच आहे! फेज, न्यूट्रल, अर्थिंग, फ्यूज, स्टार्टर, डीपी हे शब्द शेतकऱ्याच्या मुलाला पाळण्यात मिळतात. ‘मोटार जळली, वाइंडिंग कराले नेली’ हे वाक्य तो हंगामात कितीदा ऐकतो. वाइंडिंगच्या दुकानात लाखेसारखा मुलामा दिलेली तांब्याची तार लोखंडी पत्र्यांच्या खाचांतून गुंडाळताना त्याने पाहिलेली असते. त्या पंपाच्या मोटारीत चुंबकाचा तुकडाही नसतो. तार गुंडाळून तिच्यातून वीज सोडली, की गुंडाळीच चुंबक बनते, आणि त्या ओढीने मधला दांडा फिरतो. ओरस्टेडचा शोध आमच्या गावात रोज दुरुस्तीला येतो. पुस्तकाने त्या दुकानाचे एक चित्र जरी छापले असते, तरी दोन इयत्तांची भिंत तिथेच पडली असती.

पत्त्याची गोष्ट अशी. स्थितिक विजेचे प्रयोग कोरड्या हवेत साधतात. कंगवा केसांवर घासला आणि कागदाचे कपटे उचलले, हा प्रयोग दमट हवेत फसतो. प्रभार जमतो तसा निसटून जातो. सातवीतला हा पाठ आठवा, म्हणजे तो बहुधा दिवाळीआधीच्या सत्रात येणार, हवेत ओल असताना. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यापायी उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि लगेच पावसाळा लागतो. मास्तर घासघास घासतात, कपटे हलत नाहीत, आणि मुले निष्कर्ष काढतात की पुस्तकातले प्रयोग पुस्तकातच होतात. हाच पाठ पौषात ठेवला, तर वऱ्हाडातली कोरडी थंडी स्वतःच मास्तर होते. रात्री अंधारात लोकरीचे स्वेटर काढताना चटचट आवाज होतो आणि बारीक ठिणग्या दिसतात; त्या ठिणग्या आणि मृगातली आकाशातली वीज एकाच जातीच्या. मराठीने तर दोहोंना एकच नाव ठेवले आहे. कोकणातल्या मुलाला डिसेंबरातही हा प्रयोग इतका सहज साधेल की नाही याची शंका आहे. तिथल्या मास्तरांना वेगळा मुहूर्त शोधावा लागेल. पुस्तक एक असावे, पण कोणता पाठ केव्हा घ्यावा हे हवा पाहून ठरवण्याची मोकळीक मास्तरांना हवी.

सातवीतच सुवर्णपत्र विद्युतदर्शी भेटतो. नाव ऐकूनच मुले बिचकतात. सोन्याचा वर्ख कुठून आणायचा? खरे पाहता चॉकलेटच्या चांदीचे दोन कपटे, एक काचेची बरणी आणि टोपणातून आत सोडलेली तार एवढ्यावर काम भागते. घासलेला कंगवा तारेजवळ नेला, की कपटे एकमेकांपासून दूर होतात. अशा ठिकाणी सोने हा शब्द मोठ्या अक्षरांत आणि बरणी लहान अक्षरांत येऊ नये.

चुंबकाच्या पाठात मात्र या मुलखाला जे सहज लाभले आहे, त्याचा उपयोग न होणे मला फार लागले. ग्रीसमधल्या मॅग्नेस नावाच्या गुराख्याची गोष्ट जगभरच्या चुंबकावरच्या पुस्तकांतून फिरत असते: त्याच्या काठीचे लोखंड दगडाला चिकटले, इत्यादी. गोष्ट गोड आहे. पण बार्शीटाकळीच्या मुलाने विद्रुपा नदीच्या कोरड्या वाळूत एक चुंबक फिरवावा. फुटक्या स्पीकरमधला कड्यासारखा चुंबक भंगारवाल्याकडे मिळतो. त्याला काळ्या कणांची दाढी फुटेल. ते कण म्हणजे मॅग्नेटाइट. आपल्या काळ्या पाषाणातून झिजून आलेले. मॅग्नेस गुराखी ग्रीसमधून आणण्याची गरज नाही. आमचे गुराखी ज्या दगडावर बसतात त्यातच ते आहे.

आणि या दगडाची गोष्ट मॅग्नेसच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हाच्या रूपाने पसरला. तो निवताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा आपल्या अंगात धरून ठेवली. 1950 नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या पाषाणातली ही दिशा मोजली, आणि दिसून आले ते असे, की हा खडक निवला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. पुढे ती सरकत सरकत उत्तरेला आली. खंड हलतात, या सिद्धांताला त्यातून मोठे बळ मिळाले. सहावीच्या मुलाला हे सारे गणित नको. पण ‘तुझ्या पायाखालचा दगड हे एक जुने होकायंत्र आहे’ एवढे वाक्य त्याला द्यायला काय हरकत आहे? ते तो मरेपर्यंत विसरणार नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहिण्याची खरी निकड वाटली, ती. विजेच्या पाठाने मुलाचा जीव वाचला पाहिजे. दोन सेल मिळून 3 व्होल्ट होतात. त्यांच्याशी मुलाने खुशाल खेळावे, फक्त दोन टोके नुसत्या तारेने थेट जोडू नयेत, तार तापते. घरातल्या भिंतीत 230 व्होल्ट असतात आणि शेतातल्या तीन फेजच्या पंपावर 400 च्या वर. ही दोन जगे आहेत, आणि त्यांच्यामधली रेघ पुस्तकाने पहिल्याच पानावर ठळक ओढली पाहिजे. ओल्या हाताने स्टार्टर दाबणे, फ्यूजऐवजी जाड तार बांधणे, तुटून पडलेली तार काठीने सरकवायला जाणे, हे सारे आमच्याकडे नित्याचे आहे. ज्या मुलाला ओल्या अंगातून वीज सहज का जाते हे कळले, तो बापाचा हात धरील. नुसते ‘धोका’ असे लिहिलेली कवटी पाहून कोणी थांबत नाही. कारण कळले तर थांबतो.

आकाशातल्या विजेचे तसेच. सातवीत तडितरक्षक आहे. त्याची आकृती परीक्षेत काढावी लागते, आणि मुले ती सुबक काढतात. परंतु मृगात कपाशी टोबत असताना ढग दाटून येतात, तेव्हा त्या शेतात तडितरक्षक नसतो. असते एक निंबाचे झाड, आणि सगळे त्याच्याखाली धावतात. विदर्भात दरवर्षी वीज पडून माणसे जातात, त्यांत झाडाखाली थांबलेली किती तरी असतात. उंच आणि एकटे उभे असलेले झाड वीज आपल्याकडे ओढून घेते. म्हणून झाड सोडावे, पक्के घर किंवा बंद मोटारगाडी गाठावी, आणि तेही नसेल तर सखल जागी पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे, आडवे पडू नये. माझ्या मते तडितरक्षकाच्या आकृतीला जितके गुण असतील, त्याहून एक गुण जास्त या उत्तराला असावा.

मग चांगले पुस्तक कसे असते? मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक शाळेसाठी तयार केलेल्या पुस्तकांत व्याख्यांपेक्षा मुलाचे पाहणे, काढणे आणि करणे यांना मोठी जागा दिलेली आढळते. अरविंद गुप्ता यांनी पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून शास्त्र शिकवले. त्यांची एक मोटार तर मला एखाद्या उत्तम लघुकथेइतकी नेटकी वाटते. एक सेल, सायकलच्या ट्यूबचा पट्टा, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. गुंडाळीच्या एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूचा. तो अर्धा का, हीच या कथेची कलाटणी. पूर्ण खरवडला, तर अर्ध्या फेऱ्यात मिळालेली ओढ पुढच्या अर्ध्यात उलटी होऊन गुंडाळीला अडवते. अर्धा ठेवला, की त्या वेळी वीज बंद पडते आणि गुंडाळी आपल्या झोकाने पुढे निघून जाते. वाइंडिंगच्या दुकानात उरलेल्या तारेतून ही मोटार बार्शीटाकळीत अर्ध्या तासात होते. ती फिरली, की चुंबक आणि वीज यांचे नाते वेगळे समजवावे लागत नाही. तीच मोटार उलटी चालवली, म्हणजे बाहेरून फिरवून वीज घेतली, की 1831 सालचा फॅरडेचा शोध हाती येतो. पारसच्या औष्णिक केंद्रातले 250 मेगावॅटचे दोन संच याच तत्त्वावर चालतात. तिथे फिरवण्याचे काम कोळशाच्या वाफेकडे आहे, एवढेच.

एक अडचण खरी आहे. बॅटरीतला तारेचा छोटा दिवा आता दुकानात मिळेनासा होत चालला आहे, सगळीकडे एलईडी. त्या जुन्या दिव्यातली तार लाल होताना दिसत असे, आणि वीज उष्णता कशी होते ते डोळ्यांना कळे. एलईडीत ते दिसत नाही. मात्र तो एकाच बाजूने जोडला तर लागतो, उलटा जोडला तर लागत नाही. म्हणजे विजेच्या वाहण्याला दिशा असते, हे त्याने आपोआप शिकवले. नव्या पुस्तकाने ही देवघेव ओळखावी आणि चित्रे बदलावीत.

लहान मुलांसाठी लिहिलेले एक साधे पुस्तक काय करू शकते, याचा दाखला फॅरडेनेच दिला आहे. तो लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करी. तिथे बांधायला आलेली पुस्तके तो वाची. त्यांत जेन मार्सेट या बाईंनी 1806 साली लिहिलेले रसायनशास्त्रावरचे संवाद होते. त्यांत एमिली आणि कॅरोलाइन या दोन मुली बाईंना विचारतात, शंका काढतात, हटून बसतात. त्या पुस्तकाचे ऋण फॅरडे जन्मभर सांगत राहिला, आणि स्वतः मोठा झाल्यावर नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देत राहिला. मराठीतही शास्त्राची आरंभीची पुस्तके हरी केशवजींसारख्यांनी संवादरूपानेच लिहिली होती. ती वाट आपण का सोडली कोण जाणे. संवादात मुलाला बोलायला जागा असते. आणि तारेला भोक का नाही, हे विचारायला तीच जागा लागते.

नव्या पुस्तकाच्या लेखकांकडे माझे मागणे एवढेच, की पाठ लिहिण्याआधी त्यांनी एखाद्या तालुक्याच्या गावी आठ दिवस राहून मुलांचे प्रश्न उतरवून घ्यावेत, आणि पुस्तक त्या प्रश्नांपासून सुरू करावे. आईबापांकडे मागणे याहून लहान आहे. या सुट्टीत फराळाचे डबे रिकामे होत आले की मुलाला दोन सेल, एक एलईडी, हातभर तार आणि एक बऱ्यापैकी मोठा चुंबक आणून द्या. दिव्यांची जुनी माळ असेल, तर ती प्लगमधून काढून त्याच्यासमोर ठेवा आणि एक दिवा गेला की ओळीतले पुष्कळसे दिवे का जातात, ते त्याला शोधू द्या. उत्तर तुम्हांला माहीत असले, तरी दोन दिवस सांगू नका.